माळवद, बांबू आणि जुने लाकूड : घर बांधताना व सजवताना या चुका टाळा

मराठवाड्यात जुने माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छताचे, घर दुरुस्त करताना सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे पांढरीच्या (गावठाणातील पांढरट) मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे. घर पक्के व्हावे याच इच्छेने हा खर्च केला जातो. परंतु मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती हवेत सोडून देते, हे या दुरुस्तीत विसरले जाते. सिमेंटच्या थरामुळे ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती भिंतीतच वर चढत राहते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्यामागची माती भुसभुशीत होऊन गिलाव्याचे मोठमोठे पापुद्रे सुटू लागतात. आमच्या गावाकडील घरात नेमके हेच झाले. पहिल्या वर्षी पापुद्रे सुटले तेव्हा आम्ही त्यावर पुन्हा सिमेंटच लावले, आणि तिसऱ्या वर्षी आतील माती हाताने खरवडली तरी गळू लागली.

अशा भिंतीवर उपाय करताना आधी पाणी कोठून येते ते शोधावे. गावात सिमेंटचा रस्ता झाला की त्याची उंची अनेकदा घराच्या जोत्याला भिडते आणि पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचते. तेथे चर काढून पाणी दूर नेल्याशिवाय कोणताही गिलावा टिकणार नाही. त्यानंतर जोत्यापासून निदान तीन फूट उंचीपर्यंतचा सिमेंट गिलावा काढून टाकावा, एक उन्हाळाभर भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि मग गव्हाचे बारीक काड मिसळून आठ-दहा दिवस कुजवलेल्या मातीचा गिलावा करावा. काड घालण्याचा कंटाळा करू नये, कारण माती वाळून आकसताना भेगांना धरून ठेवण्याचे काम तेच करते. वेरूळच्या लेण्यांतील जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आहेत. दसऱ्याच्या आधी घर पोतारण्याची आपली रीत म्हणजे या भिंतींची वार्षिक देखभालच होती, आणि ती मोडल्यामुळे मातीचे घर टिकत नाही असा समज वाढला, असे मला वाटते.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. माळवद गळू लागले की वर पाटीभर माती टाकायची, असे पिढ्यानपिढ्या होत गेल्यामुळे कित्येक घरांवर दीड-दोन फूट जाडीचा थर साचला. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती असेल तर तिचे वजन सुमारे ९ टन भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. तेथील दगडी भिंती जाड होत्या, परंतु आतला थर आणि बाहेरचा थर वेगवेगळे रचून मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली होती. हादऱ्यासरशी हे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे त्यात दगावली. दोष दगडाचा किंवा मातीचा नव्हता, रचनेचा होता, आणि हे सांगितल्याशिवाय दगड-मातीच्या घरांची भलावण करणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून नवी दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड बसवावा, आणि दरवाजा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा सलग पट्टा फिरवावा. गळणाऱ्या माळवदावर माती वाढवण्याऐवजी जुनी माती उतरवून जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, आणि त्यावर सहा-आठ इंचांपेक्षा जास्त माती ठेवू नये.

शेतातील काळी माती फुकट मिळते म्हणून तिच्या विटा किंवा दाबून केलेले ठोकळे पाडू नयेत. ती भिजली की फुगते आणि वाळली की फाटते. पायाही याच कारणाने तिच्यातून खाली मुरुमापर्यंत न्यावा. ठोकळ्यांसाठी मुरमाड माती घेऊन तिच्यात खडी केंद्रावरची डस्ट मिसळावी. सिमेंट मिसळलेले ठोकळे एप्रिल-मेमध्ये पाडणे टाळावे, कारण उष्ण वाऱ्याने ते सिमेंट घट्ट होण्याआधीच कोरडे पडतात. थंडीत पाडून, ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे ठेवले तर पाणीही कमी लागते. बोअरचे पाणी मचूळ असल्यास ते वापरू नये, नाहीतर पुढे भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वापरून केलेल्या विटा घ्यायच्या असतील तर एक कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढले तर तो माल परत करावा.

फर्निचरमध्ये बांबूकडून निराशा फार लवकर होते. खुर्चीखाली पिवळसर भुकटी दिसू लागली की भुंग्याने आत घर केले आहे हे ओळखावे. अशा वेळी वरून वॉर्निश लावून काहीही साधत नाही, कारण किडा बांबूतील पिष्टासाठी आलेला असतो. तीन वर्षांहून जुना बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा, सळईने पेरांचे पडदे आतून फोडावेत, आणि १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स व २ किलो बोरिक अॅसिड विरघळवून त्यात आठवडाभर बुडवून ठेवावा. हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा, आणि वाळवायचा तोही सावलीत, कारण उन्हात तो उभा तडकतो. बाभळीच्या लाकडाबाबत मुख्य चूक घाईची असते: पावसाळ्यात ओल्या लाकडाची केलेली चौकट उन्हाळ्यात सांध्यांतून उघडते.

वाळूज औद्योगिक वसाहतीतून निघणारी पॅलेटची (माल रचून नेण्याच्या लाकडी चौकटींची) लाकडे स्वस्त पडतात, पण त्यांवरील शिक्का वाचल्याशिवाय ती घरात आणू नयेत. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, त्याचा पलंग किंवा पाळणा कदापि करू नये, आणि शिक्काच नसेल तर ते लाकूड कुंपणाला वापरावे. पाडलेल्या वाड्याचा जुना सागवान यापेक्षा कितीतरी चांगला. मात्र विकत घेताना भिंतीत गाडलेले तुळईचे टोक टोचून पाहावे, कारण वाळवी तेथूनच शिरते, आणि ते टोक पोकळ निघाले तरी मधला भाग कापून घेता येतो.