धुतल्यावर आटणारी झबली

मुलगी दीड वर्षाची असताना मी घरीच हातमागाच्या सुती कापडाची झबली शिवून विकू लागले; परंतु पहिल्याच धुण्यात ती आटून मुंढ्यात (खांदा-काखेच्या घेरात) घट्ट होतात, असे 3 आयांनी कळवले, तेव्हा मला फार वाईट वाटले. विणताना ताणलेले सूत पाण्यात भिजल्यावर आखडते, हे त्याचे कारण होते. आता प्रत्येक ताग्याच्या तुकड्यावर आधी 50 सेंटिमीटरची खूण करून, तो किती आटतो हे मी वहीत लिहिते, सगळे कापड रात्रभर भिजवून, न पिळता सावलीत वाळवते आणि इस्त्री केल्यावरच बेतते. शिवाय खालच्या दुमडीत 4 सेंटिमीटर माया (जादा कापड) ठेवते, म्हणजे बाळ वाढले तरी तेच झबले उसवून लांब करता येते. कपडा अधिक दिवस अंगावर राहणे मला सेंद्रिय कापसाइतकेच महत्त्वाचे वाटते.