नागपुरात घरी वाइनचं किट लावण्याआधीची तयारी

किट म्हणजे पिशवीतला घट्ट द्राक्षरस, सोबत रस आंबवणाऱ्या यीस्टचं पाकीट आणि इतर पुड्या. आधी परवाना. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय वाइन तयार करणं गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. राज्य उत्पादन शुल्क विभागात चौकशी करा आणि परवाना हातात आल्यावरच पिशवी फोडा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिकडे बाटली नेऊ नका.

मग महिना ठरवा. नागपुरात निम्मं काम इथंच साधतं किंवा बिघडतं. किटच्या यीस्टला २० ते २४ अंश मानवतात. आंबताना रस स्वतःच तापतो आणि खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर जातो. तिशीच्या पुढे गेला की वास उग्र होतो, कधी यीस्ट मधेच थांबतं आणि गोड, अर्धवट रस हाती राहतो. म्हणून नोव्हेंबरअखेर लावा आणि फेब्रुवारी संपायच्या आत बाटल्या भरा. दुपारी ऊन तापलं तर रसाची बादली पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळा. डिसेंबरच्या रात्री फरशी गार पडते, तेव्हा खाली लाकडी पाट आणि वरून घोंगडी.

किट निवडताना हलकंच घ्या. १६ लिटर रसाचं भारी रेड (लाल वाइन) वर्षभर मुरवावं लागतं, आणि ४५ अंशांचा मे महिना सोसेल अशी जागा आपल्या घरात सहसा नसते. आठ-दहा लिटर रसाचं किट लवकर पिण्याजोगं होतं. यीस्टच्या पाकिटावरची मुदत बघा आणि ते पाकीट फ्रिजमध्ये ठेवा, कारण गरम गाडीतून आलेलं यीस्ट उठतच नाही.

भांड्यांत ३० लिटरची झाकणाची, खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक बादली हवी. पाणी घालून रस २३ लिटरच होतो, पण फेसाला जागा लागते, रेडच्या फेसाला तर फारच. शिवाय २३ लिटरचा बुधला, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप), सायफनची नळी, लांब दांड्याचा पळा, थर्मामीटर आणि रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर. हायड्रोमीटर टाळून पैसे वाचवू नका. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नसतं, ते आकडाच सांगतो. भरलेला काचेचा बुधला ३० किलोच्या आसपास जातो, म्हणून भरण्याआधीच तो टेबलावर ठेवा. ओल्या हातांनी काचेचा बुधला उचलणं धोक्याचं आहे.

पाणी आरओचं किंवा २० लिटरच्या कॅनचं घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे औषधासारखी चव येते. याच कारणानं भांडी ब्लीचिंग पावडरनं धुऊ नका. बिनवासाच्या साबणानं घासून खळखळून धुवा, मग चार लिटर पाण्यात ५० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (जंतू मारणारी पूड) विरघळवून त्यानं विसळा. त्याचा वास झोंबतो, खिडकी उघडी ठेवा. दम्याच्या माणसानं हे काम करू नये.

लावायच्या दिवशी गंजात दोन लिटर कोमट पाणी घेऊन त्यात बेन्टोनाइट (वाइन नितळ करणारी मातीची पूड) गुठळ्या न होता घोळा, बादलीत ओता, रस घाला, पाण्यानं २३ लिटर करा आणि जोरात ढवळा. हायड्रोमीटरवर विशिष्ट घनता (पाण्याची १.०००) १.०८० ते १.१०० च्या दरम्यान यायला हवी. आकडा कमी दिसला तर बहुतेक वेळा रस तळाशीच बसलेला असतो. पुन्हा ढवळून मोजा. रेडसोबत ओक लाकडाची पूड किंवा द्राक्षाच्या सालांची पिशवी आली असेल तर ती आत्ताच टाका आणि पिशवी रोज खाली दाबा. मग वरून यीस्ट भुरभुरा.

याच दिवसांत घरात अंबिया बहाराची संत्री असतात आणि त्यांच्यामागं चिलटं येतात. चिलटांच्या पायांना लागून आलेले जंतू वाइनचा व्हिनेगर करतात. संत्र्यांची पेटी दुसऱ्या खोलीत हलवा, झाकण घट्ट लावा. कोरड्या हवेत एअरलॉकमधलं पाणी आटतं, दर दोन दिवसांनी बघा.

पाच ते सात दिवसांत घनता १.०१० च्या खाली आली की गाळ न ढवळता सायफननं बुधल्यात घ्या. सुमारे चौदाव्या दिवशी ०.९९६ किंवा त्याखाली आणि सलग दोन दिवस तोच आकडा आला, तरच किटमधलं मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट (आंबणं पुन्हा सुरू होऊ न देणारी पूड) घाला. सॉर्बेट चालू आंबणं थांबवत नाही. घाई केली तर बाटल्या फुटतात. यानंतर काही मिनिटं जोरात ढवळून वायू काढा. वायू उरला तर जिभेला टोचतो आणि गाळही खाली बसत नाही. मग नितळ करणारी पाकिटं, किटच्या कागदावर लिहिलेल्या क्रमानं.

व्हाइटला (पांढऱ्या वाइनला) हवा सोसत नाही. कापलेल्या सफरचंदासारखी ती तपकिरी पडते, म्हणून नितळ झाल्यावर बुधला मानेपर्यंत भरलेला ठेवा. त्यासाठी तशाच व्हाइटची एखादी बाटली आधीच आणून ठेवा.

७५० मिलीच्या तीस बाटल्या, तेवढीच नवी बुचं आणि बूच दाबायचं यंत्र जानेवारीतच जमवा. बूच लावल्यावर बाटल्या तीन दिवस उभ्या, मग आडव्या. व्हाइट एप्रिलच्या आत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. रेड पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, खालच्या फळीवर.