औषधाच्या चिठ्ठीवरील संक्षेप वाचताना या चुका टाळा

निपाणी, खानापूर किंवा चिक्कोडीकडच्या अनेक मराठी घरांत औषधाची चिठ्ठी इंग्रजीत येते, औषध दुकानदार ती कन्नडमध्ये समजावून देतो आणि घरी आल्यावर ती आजीला मराठीत सांगावी लागते. ‘ऊटक्के मुंचे’ म्हणजे जेवणाआधी आणि ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवणानंतर. यातला ‘ऊट’ एवढाच शब्द लक्षात राहिला, तर गोळीची वेळ हमखास चुकते. दुकानाची पायरी उतरण्याआधीच ती वेळ पाकिटावर मराठीत लिहून घ्यावी.

चिठ्ठीवरील बहुतेक संक्षेप लॅटिन शब्दांचे आहेत. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. मात्र डोळ्यांच्या चिठ्ठीवर त्याचाच अर्थ उजवा डोळा असा होतो. ‘एसओएस’ पाहून नातेवाईक विनाकारण घाबरतात, पण तेथे त्याचा अर्थ ‘गरज पडल्यास’ एवढाच असतो. अशी गोळी त्रास थांबल्यावरही नेमाने देत राहणे ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. युनिटसाठी लिहिलेले इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईच्या हस्ताक्षरात शून्यासारखे दिसते आणि 10 युनिटचे 100 होतात. म्हणून डॉक्टरांना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये 40 आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि सिरिंजही त्यानुसार वेगळी असते. 100 तीव्रतेचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात 50 युनिट शरीरात जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचू नये.

रक्ताच्या अहवालातील ‘के’ हे जीवनसत्त्व नव्हे. ते पोटॅशियम आहे, कारण त्याचे लॅटिन नाव कॅलियम. उसाला घालायच्या खताच्या पोत्यावर एनपीके लिहिलेले असते, त्यातला ‘के’ही पोटॅशियमचाच. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा हा आकडा वाढलेला असताना घरचे लोक काळजीपोटी कमी सोडियमचे मीठ आणतात, पण अशा मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. त्यामुळे पाकिटामागील घटकांची यादी डॉक्टरांना दाखवूनच ते मीठ स्वयंपाकात वापरावे.