संकेतस्थळावरील कॉम्प्रेशन खरोखर कुठपर्यंत चालू आहे, हे कसे तपासावे

पान पाठवण्याआधी सर्व्हरने मजकूर आटवायचा आणि ब्राउझरने तो हाती येताच पुन्हा उलगडायचा, ही ‘कॉम्प्रेशन’ची सोय १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ या वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमावलीसोबत प्रमाणित झाली आणि आज बहुतांश संकेतस्थळे ती वापरतात. तरीही एखाद्या वाचनालयाचे, गृहनिर्माण संस्थेचे किंवा क्लासचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने ‘आमच्याकडे कॉम्प्रेशन चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मुख्य पान आटवून जाते आणि त्याच्या जोडीच्या, त्याहून जड फाइली मात्र जशाच्या तशा जातात, असा प्रकार सर्रास घडतो.

सर्व्हर नवी मुंबईतल्या महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आणि वाचक शेजारच्या घणसोलीत असला, म्हणून पान हलके होत नाही. ठाणे सोडलेली लांब पल्ल्याची गाडी पारसिक बोगद्यात शिरून नेटवर्क जाईपर्यंत मोबाइलवर जेवढे बाइट उतरतील, तेवढेच त्या वाचकाच्या कामाचे. शिवाय नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या खेपेला साधारणपणे माहितीचे दहाच गठ्ठे (पॅकेट), म्हणजे सुमारे १४ किलोबाइट पाठवतो आणि पोच मिळाल्यावरच पुढची खेप सुरू करतो. आटवलेले पान त्या पहिल्या खेपेत बसले, तर पुढच्या फेऱ्या वाचतात. कॉम्प्रेशनमुळे पान लवकर दिसू लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

तपासणीसाठी वेगळे साधन लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये आपले संकेतस्थळ उघडून एफ-१२ दाबावे, ‘नेटवर्क’ हा भाग निवडावा, ‘डिसेबल कॅश’वर (ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत न वापरण्याच्या पर्यायावर) खूण करावी आणि पान पुन्हा लोड करावे. यादीतील एकेका फाइलवर क्लिक केल्यावर ‘रिस्पॉन्स हेडर्स’मध्ये ‘कन्टेन्ट-एन्कोडिंग’ अशी ओळ दिसली पाहिजे. तिच्यापुढे जीझिप, ‘बीआर’ म्हणजे ब्रॉटली किंवा ‘झेडएसटीडी’ म्हणजे झी-स्टँडर्ड या आटवण्याच्या पद्धतींपैकी एकीचे नाव लिहिलेले असते. ही ओळच नसेल, तर ती फाइल न आटवता आली आहे. केवळ पहिल्या ओळीतले मुख्य पान पाहून थांबू नये. सीएसएस (पानाची सजावट), जावास्क्रिप्ट (पानातला प्रोग्राम), जेसन (माहितीच्या नोंदी) आणि एसव्हीजी (मजकुराच्या रूपातली रेखाचित्रे) या चारही प्रकारांची निदान एकेक फाइल उघडून पाहावी.

मराठी संकेतस्थळांसाठी ही तपासणी विशेष मोलाची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘ठाणे’ हा शब्द घ्या: ठ, काना, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट, रोमन लिपीत हेच नाव पाच बाइटांत मावते. मात्र या चारही चिन्हांचा पहिला बाइट एकच आहे, पहिल्या तिन्हींचा दुसरा बाइटही एकच आहे, आणि खरा फरक तेवढा तिसऱ्या बाइटात आहे. जीझिपची पद्धत नेमकी अशा पुनरावृत्तीवर चालते: आधीच्या ३२ किलोबाइटांत येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, की तो न लिहिता ‘इतके मागे जा, इतके बाइट उचला’ एवढीच नोंद ती करते आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना तोकडे संकेत देते. त्यामुळे देवनागरीने वाढवलेल्या वजनाचा बराच भाग कॉम्प्रेशनमध्ये परत मिळतो, आणि ते बंद असेल तर त्याचा भुर्दंड इंग्रजी पानापेक्षा मराठी पानाला अधिक बसतो.

आता ते चालू कसे करावे? शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या सामायिक सर्व्हरवर, सीपॅनेल हे व्यवस्थापनाचे साधन असेल, तर ‘ऑप्टिमाइझ वेबसाइट’ या नावाखाली सर्व मजकूर आटवण्याचा पर्याय बहुधा सापडतो. अपाची या सर्व्हर-प्रणालीवर हे काम तिचा ‘मॉड डिफ्लेट’ हा भाग करतो. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालीत मात्र एक मेख आहे. तेथे जीझिप ‘ऑन’ केले, तरी मूळ मांडणीनुसार केवळ एचटीएमएल आटवले जाते. सीएसएस, जावास्क्रिप्ट आदी प्रकार ‘जीझिप टाइप्स’च्या ओळीत स्वतः लिहावे लागतात. अर्धवट कॉम्प्रेशनच्या बहुतेक तक्रारींचे मूळ माझ्या मते या एका ओळीत सापडेल. त्याच बैठकीत ‘जीझिप व्हॅरी’ही चालू करावे, म्हणजे वाटेत प्रती साठवून ठेवणाऱ्या कॅशकडून जुन्या उपकरणाला त्याला न उलगडणारी प्रत जाणार नाही.

ब्रॉटली हा गूगलमध्ये घडलेला आणि २०१६ मध्ये प्रमाणित झालेला प्रकार मजकुरासाठी जीझिपपेक्षा सहसा सरस ठरतो, पण ब्राउझर तो एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच स्वीकारतात. त्याच्या सर्वोच्च, म्हणजे अकराव्या पातळीला वेळ फार लागतो. ती न बदलणाऱ्या फाइली आधीच आटवून ठेवण्यासाठी वापरावी आणि दर विनंतीला नव्याने तयार होणाऱ्या पानांसाठी चौथी-पाचवी पातळी पुरेशी मानावी. नाहीतर वाचवलेला वेळ सर्व्हरच खाऊन टाकेल.

जेपेग, पीएनजी, वेबपी, व्हिडिओ आणि वॉफ-२ फॉन्ट हे आधीच आटवलेले असल्याने त्यांना पुन्हा त्या घाण्याला जुंपण्यात अर्थ नाही. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात, म्हणून जुनी टीटीएफ फाइल असेल तर ती वॉफ-२ मध्ये बदलून घ्यावी; या प्रकाराच्या आत ब्रॉटलीच वापरलेले आहे. सोसायटीच्या नोटिसा स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवण्याची आपल्याकडची रूढीही येथे आडवी येते. स्कॅन म्हणजे शेवटी चित्रच. सर्व्हरने कितीही आटवले, तरी त्यातून हाती फारसे लागत नाही. तीच नोटीस पानावर टंकून दिली, तर काही किलोबाइटांत भागते आणि शोधताही येते.

लॉगिन असलेल्या पानांबाबत एक सावधगिरी हवी. २०१३ मध्ये उघड झालेल्या ‘ब्रीच’ या हल्ल्यात, वापरकर्त्याने पाठवलेला मजकूर आणि गुप्त टोकन (विनंती खरी असल्याची ओळख पटवणारा सांकेतिक शब्द) एकाच आटवलेल्या पानात असतील, तर पानाच्या आकारातील बारीक चढउतारांवरून ते टोकन हुडकता येते, हे दाखवून देण्यात आले. सभासदांच्या थकबाकीची पाने असलेल्या संकेतस्थळाने टोकन दर विनंतीला बदलते ठेवावे, आणि ते जमत नसेल तर तेवढ्याच पानांपुरते कॉम्प्रेशन बंद करावे. सीएसएस आणि जावास्क्रिप्टला याची बाधा नाही.

बदल केल्यावर सर्व्हर रीलोड करून तीच एफ-१२ची यादी पुन्हा पाहावी. तिच्या तळाशी ‘ट्रान्सफर्ड’ आणि ‘रिसोर्सेस’ असे दोन आकडे दिसतात. दोन्ही जवळजवळ सारखे असतील, तर पानात चित्रांचाच भरणा आहे किंवा फाइलींचा एखादा प्रकार सर्व्हरच्या मांडणीत (एनजिनएक्सवर ‘जीझिप टाइप्स’मध्ये) लिहायचा राहिला आहे. कोणता, ते एकेका फाइलच्या हेडरवरून कळेल.