'रिव्हर्ट' लिहिताना या चुका टाळा

'प्लीज रिव्हर्ट.' आपल्याकडच्या ऑफिसांतल्या निम्म्या मेलांचा शेवट असाच होतो. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'उत्तर द्या.' पण रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. 1991 साली लेनिनग्राडने सेंट पीटर्सबर्ग हे जुनं नाव पुन्हा घेतलं, तिथे रिव्हर्ट चपखल बसतो. भाडेपट्टा संपून जमीन मूळ मालकाकडे जाते, तिथेही.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघायचो. आम्ही दर वाढवले होते. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाने विचारलं, आमच्या ऑर्डरला नवे दर लागणार का? हाताखालच्या मुलाने मला न विचारता घाईघाईत लिहून टाकलं, 'ऑन द रेट्स, वुई विल रिव्हर्ट बाय फ्रायडे.' म्हणजे त्याच्या मते, शुक्रवारपर्यंत कळवतो. गिऱ्हाइकाने वाचलं, शुक्रवारपर्यंत जुन्या दरांवर येतो. सोमवारी आभार मानून जुन्या दराची परचेस ऑर्डर हजर! मी फोन केला खरा, पण भांडणार कशावर? त्यांनी बरोबरच वाचलं होतं. पहिली खेप जुन्या दरानेच गेली.

मुलगा हुशार होता, पण शब्द दुसऱ्यांच्या मेलमधून उचललेला. कोश उघडायला एक मिनिट लागतं, तेवढाही धीर नसतो. 'रोज दहा शब्द' पाठ करण्याचे ते तक्तेही मला पटत नाहीत. समोर एकच अर्थ लिहिलेला, वाक्य कुठेच नाही. मी वहीत अख्खं वाक्य उतरवतो.

खरं तर हा शब्द मराठी माणसाला जवळचा वाटावा. लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे, 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं. हा व्हर्टेरे आणि संस्कृतचा 'वृत्' धातू एकाच मुळाचे. आवर्तन, परिवर्तन, निवृत्त हे सगळे वृत् धातूचेच. व्हर्जनला आपण आवृत्ती म्हणतो, तेही याच घरातले दोन शब्द. 'परावर्तन' डोक्यात ठेवलं की रिव्हर्ट चुकत नाही.

'रिव्हर्ट बॅक' नको, 'रे'मध्ये बॅक आलंच. 'रिव्हर्ट मी' तर मुळीच नको. 'अवेटिंग युअर रिव्हर्ट'च्या जागी साधं रिप्लाय लिहा. सॉफ्टवेअरवाल्यांनी जास्तच जपावं, कारण गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, रिव्हर्ट म्हणजे आधीचा बदल उलटवणं. 'आय विल रिव्हर्ट' वाचून टेस्टिंगवाला काम थांबवून बसेल.

भारतात, सिंगापुरात 'उत्तर देणं' हा अर्थ रुळलाय, काही कोशांनी तो नोंदवलाही आहे. आपापसात चालू द्या. पण दर, तारखा किंवा करार असलेल्या मेलमध्ये मी तो येऊ देत नाही. पाठवण्याआधी रिव्हर्ट शोधतो, त्या जागी 'परत जाणे' घालून वाक्य मोठ्याने वाचतो. अर्थ बदलला, की तिथे रिप्लाय.