रजिस्टर पत्राचा खर्च घरबसल्या कसा काढायचा?

भाडेकरूला नोटीस, सोसायटीला तक्रार किंवा बँकेला अर्ज असला की घरातलं कुणीतरी सांगतंच, ‘रजिस्टर करून पाठव.’ २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे खर्चही आता स्पीड पोस्टच्या दराने काढायचा. खाली दिलेले दर १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे आहेत.

सुरुवात वजनापासून करा. टप्पे तीन: ५० ग्रॅमपर्यंत, ५१ ते २५० आणि २५१ ते ५०० ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर उत्तमच. नसेल तर पानं मोजा. नेहमीचा ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद साधारण पावणेपाच ग्रॅम भरतो. म्हणजे दहा पानं जेमतेम पन्नाशीच्या आत बसतात, पण वर पाकिटाचं वजन आलं की टप्पा ओलांडलाच.

मग अंतर बघा. ५० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला गावातल्या गावात १९ रुपये आणि गावाबाहेर देशात कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमच्या टप्प्यात मात्र अंतरागणिक दर वाढतो: स्थानिक २४, २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १,००० पर्यंत ६८, २,००० पर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७.

आता रजिस्ट्रेशनचे ५ रुपये मिळवा. नोटिशीसाठी हे पाच रुपये वाचवू नका. ते भरले की पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात देतात. खिडकीवर नुसतं ‘स्पीड पोस्ट’ म्हणालात तर ही सोय आपोआप मिळत नाही, नाव घेऊन मागावी लागते. ओटीपी घेऊनच पत्र द्यावं असं हवं असेल तर त्याचे आणखी ५ रुपये. शेवटी या बेरजेवर १८ टक्के जीएसटी.

पुण्याहून नागपूरला एका बाजूला छापलेली बारा पानं रजिस्ट्रेशनसह पाठवायची आहेत असं धरा. वजन पन्नासच्या वर आणि अंतर ५०० ते १,००० किलोमीटरमध्ये, म्हणून ६८ अधिक ५ म्हणजे ७३, जीएसटी धरून ८६.१४ रुपये. तोच मजकूर पाठपोट छापला तर सहाच कागद, वजन पन्नासच्या आत. मग ४७ अधिक ५ म्हणजे ५२, जीएसटीसकट ६१.३६. जवळजवळ पंचवीस रुपये वाचले!

म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी वजन करा. आणि पावती हातात पडली की खिडकीवरून हलण्याआधी तिच्यावरचा पिनकोड तपासा. त्याच पावतीवरच्या तेरा अक्षर-अंकी क्रमांकाने पत्र कुठवर पोहोचलं ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं.