हँग होणारा जुना पीसी हातात आलाय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

हार्डवेअरचा कोर्स संपवून नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या एका दुकानात लागलो, त्याला आठ महिने झाले होते. रॅम खोडरबराने घासणं, पेस्ट बदलणं, विंडोज टाकणं, सगळं हातात बसलं होतं. दिवाळी संपली आणि रविवार कारंजावरून एका डीटीपीवाल्या ताईंचा फोन आला. चांदीच्या गणपतीपासून चार पावलांवर त्यांचं छोटंसं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर. मशीन जुनं, विंडोज एक्सपी, त्यावर छपाईची पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मागे फॉन्टचं डोंगल (ते खोचल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत). नव्या मशीनवर हे सगळं चालेना, म्हणून त्यांनी ते जिवापाड जपलेलं.

त्यांनी तक्रार सांगितली ती मला अजून शब्दशः आठवते. "अरे दादा, मधेच अडकतं. माऊस हलतो, पण काही उघडत नाही. मी चहा टाकून येते तोवर आपोआप सुरू होतं."

अख्खं निदान या वाक्यात होतं, आणि मी ते ऐकलंच नाही. माझ्या कानावर फक्त 'अडकतं' एवढा शब्द पडला. मशीन दुकानात आणलं, धूळ काढली, आणि डिस्कवर काही एरर असतील तर निघून जातील म्हणून रात्री चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) लावली, तीही 'आर' स्विच देऊन. शटर ओढून घरी गेलो. सकाळी आलो तर काळा स्क्रीन आणि कॅबिनेटमधून टक, टक, टक. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नावसुद्धा दिसेना. अकरा वर्षांच्या पत्रिका त्या डिस्कवर होत्या, आणि तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलेलं.

तुम्हीही जर याच धंद्यात नवीन असाल, तर बाकी सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, पण पुढचं नीट वाचा.

मरायला टेकलेली डिस्क आपण मेलोय असं सांगत नाही. एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा बारीकसा कप्पा, वाचता येईना झाला की ती तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते, कित्येक सेकंद. तेवढा वेळ विंडोज उत्तराची वाट बघत थांबलेलं असतं. म्हणून माऊस हलतो पण काही उघडत नाही. अखेर वाचलं गेलं किंवा डिस्कने नाद सोडला, की सगळं परत सुरू. गिऱ्हाईकाला वाटतं मशीन जुनं झालं, आपल्याला वाटतं विंडोज भरलंय. एक्सपीत तर आणखी एक भानगड होती. आयडीई (जुन्या रुंद केबलच्या) डिस्ककडून टाइमआउट किंवा सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) सहा एरर जमल्या की विंडोज त्या डिस्कचा वेग पायरीपायरीने उतरवायचं, आणि एरर येतच राहिल्या तर थेट पीआयओ या सगळ्यांत मंद मोडवर आणून ठेवायचं. मग मशीन अक्षरशः रांगायला लागायचं.

आता खरा सापळा. अशा मशीनवर फॉरमॅट मारला की ते सुधारतं! खरंच सुधारतं, म्हणूनच आपण फसतो. संशयित सेक्टरवर नव्याने काही लिहिलं गेलं, की डिस्क ते लिखाण राखीव जागेतल्या चांगल्या सेक्टरवर टाकते आणि खराब सेक्टर बाजूला काढते. विंडोज नव्याने टाकलं की पीआयओ मोडही गेलेला असतो. मशीन भन्नाट पळतं, गिऱ्हाईक पैसे देऊन खूश होऊन जातं, आणि आपण मनाशी पक्कं करतो की हँगवर औषध फॉरमॅट. दीड-दोन महिन्यांनी तेच मशीन परत येतं. या वेळी डिस्क उठतच नाही, आणि गिऱ्हाईकाला आधीच्या दुरुस्तीचा संबंध लावता येत नाही. आपणही लावत नाही. मी आठ महिन्यांत असे किती फॉरमॅट मारले असतील, याचा हिशेब आज करवत नाही.

चेकडिस्कचं दुखणं वेगळं. ती फाइल सिस्टिम दुरुस्त करते, गिऱ्हाईकाचा डेटा वाचवणं हे तिचं काम नाही. 'आर' दिलं की ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते. धापा टाकणाऱ्या माणसाला रामशेज किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लावण्यातला प्रकार. शिवाय वाटेत खराब झालेल्या नोंदी ती स्वतःच्या मनाने दुरुस्त करते, म्हणजे त्याच डिस्कवर लिहिते. जी फाइल अर्धी तरी हाताशी लागली असती तीही जाते.

म्हणून 'हँग होतं' हे ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: अडकतं म्हणजे नेमकं काय होतं? मशीन समोर अडकलं असेल तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे विंडोज जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतंय. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता एकसारखा पेटलेला असेल तर नव्वद टक्के संशय डिस्कवर घ्या. नम लॉक हलत नाही, माऊस थिजलाय, गाणं चालू असेल तर एकच तुकडा घुंघुं करत राहतो, तर तो वेगळा रोग. तिथे रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), उष्णता, मदरबोर्ड यांच्याकडे वळायचं. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे, फुकट आहे, आणि मला ती कोणत्याही क्लासमध्ये शिकवली गेली नाही.

डिस्कवर संशय आला की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' नावाने ७ नंबरचा इव्हेंट शोधा, तो बॅड ब्लॉकचा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते (त्यांनाच स्मार्ट म्हणतात) त्या ते दाखवतं. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित सेक्टर, सी६ म्हणजे न सुधारणारे. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात हेक्समध्ये दिसतात, त्यामुळे १० दिसलं तर ते सोळा आहे, हे विसरू नका. सी७, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या एरर, वाढलेला असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. मी एकदा साठ रुपयांच्या केबलपायी गिऱ्हाईकाला डिस्क घ्यायला लावणार होतो.

आणि सगळे आकडे शून्य दिसले म्हणून हुश्श करू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. उलट, पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली) दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. म्हणजे खूण दिसली तर थांबू नका, आणि नाही दिसली तरी कॉपी घ्याच.

कॉपी म्हणजे फोल्डर उघडून ओढून टाकणं नव्हे. डिस्क काढा, आपल्या मशीनला थेट साटा केबलने लावा (आयडीई असेल तर आयडीईच), आणि लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोजच्या मशीनला लावून चालू केलीत तर विंडोज सुरू होतानाच स्वतःहून चेकडिस्क लावू शकतं, ते आपल्याला नकोय. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं आणि नंतर त्यांच्याकडे वळतं. वीज गेली तरी मॅपफाइल असल्यामुळे तिथूनच पुढे चालू होतं. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅपफाइल. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि जीबी कागदावर लिहा, स्क्रीनशी बोट लावून जुळवा, मगच एंटर. मी आजही बोट लावतो.

डिस्क टक-टक करत असेल तर हे काहीच करू नका. लगेच बंद करा. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्यांकडे पाठवा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचे व्हिडिओ बघून डिस्कवर प्रयोग केलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाचंही काम झालेलं मला माहीत नाही.

बाकीच्या कारणांची तुम्हाला माहिती असेलच, म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमधून येणाऱ्या मशीनचा हीटसिंक धुळीने लिंपलेला असतो. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरा. जुन्या इंटेल कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी सुटलेली असते, ती वरून दिसत नाही, हात लावूनच कळते. रॅम एकेक काठी लावून मेमटेस्टवर रात्रभर ठेवा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डवर कॅपॅसिटर फुगण्याची साथच होती. माथा सपाट नसेल तर तो गेला समजा. एसएमपीएस हिरवी-काळी वायर जोडून तपासू नका, लोड नसताना मेलेला एसएमपीएसही शहाण्यासारखा वागतो. मशीन कामाला जुंपून मल्टिमीटर लावा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४६ व्होल्ट. जुन्या नाशकातल्या वाड्यांत अर्थिंग नसलेलं वायरिंग भरपूर, कॅबिनेटला हात लावून मुंग्या आल्या तर आधी वायरमन बोलवायला सांगा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्यात आणि मशीन सुरू झालं, तर काय शिकलात?

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. आमच्या शेठनी ताईंना सांगितलं, "मॅडम, डिस्क जुनीच होती." ते खोटं नव्हतं. पण मी मागे उभा होतो आणि रात्री काय लावलं होतं ते मला ठाऊक होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चालत रविवार कारंजावर गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ काऊंटरवरच्या पत्रिकेच्या नमुन्यांची चळत सरळ करत राहिल्या, मग म्हणाल्या, "चाळीस ऑर्डरी आहेत रे या महिन्यात." पुढच्या चार संध्याकाळी मी तिथे बसलो. छापखान्यात गेलेल्या फायली परत मागवल्या, ईमेलमधून काही निघाल्या, उरलेल्या जुन्या छापील पत्रिका समोर ठेवून टाइप केल्या. कुणाच्या आजोबांचं नाव चुकू नये म्हणून त्या प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायच्या.

जो उस्ताद गिऱ्हाईकाशी बोलताना तुम्हाला बाहेर उभं करतो, त्याच्याकडे वर्षाच्या वर राहू नका. मी खरं काम शिकलो ते पंचवटीतल्या एका रेडिओ-टीव्हीवाल्या काकांकडे. त्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नव्हतं. पण स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ते गिऱ्हाईकाला खुर्ची द्यायचे आणि विचारायचे, कधीपासून, किती वेळाने, त्या आधी काय केलं होतं. ते पूर्ण होईपर्यंत सेटचं झाकण उघडायचे नाहीत. तसं कुणी जवळपास असेल तर रविवारी जाऊन नुसतं बसा, पगार नाही मिळाला तरी. व्हिडिओंतून पार्ट ओळखता येतील, हा धीर नाही येणार. रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअरं तर पेनड्राइव्हमधून आजच काढून टाका.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. हँगचं काम हे या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे, कारण दुकानात आणलं की मशीन शहाण्यासारखं चालतं. दोन दिवस सापडलं नाही म्हणजे तुम्हाला येत नाही असं नव्हे. गिऱ्हाईकाला तसं सांगा, ठेवून घ्या, रोज चालू ठेवा, कधी अडकलं ती वेळ लिहा. खरं सांगितलेलं गिऱ्हाईक पळून जात नाही, हा माझा अनुभव आहे. त्या ताईंनीच मला पुढे चार दुकानांची कामं दिली.

माझ्या जॉबकार्डवर आता पहिली ओळ तक्रारीची नाही. 'डेटा हवा आहे का? कुठे ठेवलाय?' आणि पुढे गिऱ्हाईकाची सही. गेल्या आठवड्यात निफाडहून द्राक्षाचे एक व्यापारी मशीन घेऊन आले. सही करताना म्हणाले, "डेटा काही नाही, फक्त टॅली आहे." मी पेन परत त्यांच्या हातात दिलं आणि टॅलीचा फोल्डर कुठल्या ड्राइव्हवर आहे ते लिहायला सांगितलं. डिस्क काढली, सी५ मध्ये २ए होतं, म्हणजे बेचाळीस. टेबल फॅन तिच्याकडे वळवून कॉपी लावली आणि त्यांना म्हणालो, काका, उद्या फोन करू नका, परवा मीच करतो.